आत्याच्या हातची गोळी

आष्ट्याहून शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप आला, आत्या गेली. मळ्यात वैरणीचा भारा बांधताना खाली बसली, ती उठलीच नाही. रडण्याआधी माझ्या तोंडून निघालं, "आणि सुलतानला गोळी कोण देतंय?"

आत्या भलतीच तापट. तिचा हात आधी चालायचा, तोंड नंतर. लहानपणी तिचा भरपूर मार खाल्ला, तरी दर सुट्टीत मी तिच्याकडेच पळायचे. तिला मूलबाळ नव्हतं. फौजेतले मामा, म्हणजे आत्याचे यजमान, सुट्टीवर येताना सुलतान नावाचं कुत्र्याचं पिल्लू घेऊन आले, पुढच्या सुट्टीला मात्र ते आलेच नाहीत...

सुलतान पाच-सहा वर्षांचा झाला आणि बिघडला. अंग सुटलं, शेपटीचे केस गेले, कातडी काळी पडली. दिवसभर पडून असायचा, हात लावला की अंगावर यायचा. सगळ्यांनी खरूज ठरवली. आत्यानं गंधक घालून जळकं ऑइल चोळलं, उपयोग शून्य. मग त्यानं धाकट्या दिराच्या मुलीच्या पोटरीचा लचका तोडला. दीर पहार घेऊन आले.

"वहिनी, बाजूला व्हा. पिसाळलंय त्ये!"

"आदी मला मारा भावजी, मग त्येला."

त्यांनी पहार उगारली. आत्यानं चुलीतलं पेटतं लाकूड ओढून त्यांच्या खांद्यावर हाणलं. सदरा कातडीला चिकटला. मी तिथंच होते, तो वास अजून जात नाही.

पोरीला इंजेक्शनं दिली. सुलतानला दहा दिवस साखळीला बांधून नजरेखाली ठेवलं, तो पिसाळला नव्हता. सांगलीच्या डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं, "गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी गेलीय. बहुतेक शरीरच तिला वैरी समजून मारतंय. जन्मभर गोळी द्यावी लागेल."

"म्हंजे घरच्यांनीच घात केला म्हणा की," आत्या म्हणाली.

गोळीनं केस आले, चावणं थांबलं. दिराशी मात्र, एका भिंतीचा शेजार असून, ती पुन्हा बोलली नाही. याचा मला राग यायचा, अजूनही येतो.

तेराव्याला गेले तर सुलतान पुन्हा मलूल. गोळी कुणाकडूनच घेत नव्हता. मी गुळात घातली, पेढ्यात घातली, राजा म्हटलं, सोन्या म्हटलं. त्यानं हातात दात रुतवले. रक्त बघून माझं डोकंच फिरलं. त्याच्या थोबाडीत देऊन मी ओरडले, "तोंड उघड, मुडद्या!"

तो उठून बसला. शेपूट हलवली. जबडा उघडला.

गोळी घशाखाली गेली आणि मी त्याच्या मानेत तोंड खुपसून रडले. भिंतीपलीकडून दिरांचा आवाज आला, "वहिनी रोज आशीच वरडायची गं... आजून एकदा वरड."