सोनकीच्या दिवसांतले अल्बम

जीप सुरू झाली तेव्हा आई खिडकीशी आली आणि म्हणाली, "मागं बघू नको. घाटात उलटी व्हईल."

लेकीला सासरी पाठवताना आया काय काय बोलतात. माझ्या आईला घाटाची काळजी होती. वडील दुसऱ्या बाजूला उभे राहून ड्रायव्हरला रस्ता समजावत होते. तो त्याला माहीत होता, तरी तो मान हलवत ऐकत होता. मी मागे बघितलं नाही. भंडारदऱ्याचं पाणी झाडांमधून थोडा वेळ दिसत राहिलं, मग राजूर गेलं, अकोले गेलं, आणि संगमनेरच्या पुढे जमीन हळूहळू सपाट झाली. श्रीरामपूर जवळ आलं तसा दोन्ही बाजूंना ऊस लागला. इतका उंच, की जीपमधून त्याच्या पलीकडचं काही दिसेना. अविनाश, म्हणजे माझा नवरा, म्हणाला, "आलंच आता." कशावरून आलं ते मला कळेना. आमच्याकडे गाव येण्याआधी त्याचा डोंगर येतो.

अविनाश आमच्या गावात पहिल्यांदा आला तो काजव्यांचे फोटो काढायला. तेव्हा पर्यटकांसाठी तंबू नव्हते, येणारा माणूस आमच्या पडवीत झोपायचा. तो काजवे संपल्यावरही दोनदा आला. एकदा खेकड्याच्या बिळासमोर चिखलात पालथा पडून राहिला होता. वडील म्हणाले, "ह्याचं काय हरपलंय रे?" पुढे स्थळ त्याच्याकडूनच आलं. मला वाटलं होतं, हा माणूस डोंगर हिंडणार आणि मीही त्याच्याबरोबर हिंडणार. तसा शब्द कुणी दिला नव्हता. माझं मीच ठरवून टाकलं होतं.

श्रीरामपुरात सासऱ्यांचा, दादांचा, स्टेशनरोडला फोटो स्टुडिओ होता. लग्नानंतर लवकरच त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात गेला. स्टुडिओ अविनाशकडे आला. दुकानामागच्या खोलीत कॉम्प्युटर होता, तिथे अल्बम करणारा मुलगा पुण्याला निघून गेला, मग ती खुर्ची माझ्याकडे आली. खोलीला खिडकी नाही. स्क्रीनवर उजेड पडू नये म्हणून ती मुद्दाम बुजवलेली. पुढे पडदा, वर ट्यूबलाइट. मी अजून त्याच खुर्चीत बसते.

अल्बमचं काम ज्यांनी बघितलं नाही त्यांना सांगते. नवरा-नवरीच्या कडेने रेघ फिरवायची, मागचा मंडप, खुर्च्या, माणसं काढून टाकायची आणि त्यांच्या मागे निसर्ग लावायचा. बर्फाचे डोंगर, धबधबा, मावळता सूर्य. हे सगळं तयार मिळतं. एकदा मी अविनाशने पूर्वी काढलेला रंधा धबधबा लावला. नवरदेव बघून म्हणाला, "वहिनी, हा आपल्याकडचा वाटतोय. तो फॉरेनचा टाका ना." मी टाकला.

त्या खोलीत कपाटावर पुस्तकांचा एक ढीग होता, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. अविनाशने कॉलेजात असताना पुण्याच्या फूटपाथवरून एकेक करून जमवलेली. सगळी रानावनातल्या फोटोग्राफीची, बहुतेक इंग्रजी. मी विचारलं तर म्हणाला, "राहू दे. आता सगळं मोबाईलवर आहे." मग मीच ती खाली काढली. माझं इंग्रजी बारावीपुरतं. डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे फोटोत किती खोलवरचं स्पष्ट दिसतं ते, मला आधी शेताची खोली वाटली होती. संगणकावर एखादा अल्बम सेव्ह होत असायचा तेवढ्यात मी अर्धं पान वाचायचे.

हे लिहायचं कारण माझा धाकटा भाऊ, संदीप. तो आता गावात पर्यटकांसाठी तंबू लावतो. त्याने जुना कॅमेरा घेतला आणि फोन केला, "ताई, शिकायला चांगली पुस्तकं सांग." नावं मी त्याला मोबाईलवर पाठवली. पण गावात राहिलेल्या बाकीच्यांना, आणि माझ्यासारख्या डोंगर उतरून इकडे नांदायला आलेल्या बायकांनाही, त्या पुस्तकांबद्दल सांगावंसं वाटतं. माझा बराचसा संसार त्यांच्या सोबतीनेच झाला आहे.

जाडजूड काळं पुस्तक आहे त्यात फक्त कॅमेरा. बटणं, आकडे, तक्ते. सगळे तिथून सुरू करतात आणि तिथेच सोडतात. ते मागे ठेवा. आधी सह्याद्रीतल्या रानफुलांचं मराठी पुस्तक घ्या, ज्यात फोटोग्राफीचं एक अक्षर नाही. ज्या फुलाचं नाव आपल्याला माहीत नाही त्याच्यापाशी आपण फार वेळ बसत नाही. मला तरी असंच वाटतं. मग पिवळ्या पाठीचं पातळ पुस्तक. त्याच्या लेखकाने घरासमोरच्या एकाच झाडाचे फोटो काढलेत, पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत. बाकी काही नाही. मला झाड कुठलं मिळणार? मी गच्चीवरच्या तुळशीचे काढले, दादांची आंघोळ, माझ्या मुलीची शाळा आणि दुकान यांच्यामधून. दुपारच्या उन्हात तुळस चपटी दिसते आणि पाच वाजता तिची पानं एकेक सुटी होतात, हे मी रोज पाणी घालूनही बघितलं नव्हतं.

पाखरांच्या पुस्तकात पांढऱ्या बगळ्यावर एक पान आहे. कॅमेरा पांढऱ्याला फसतो, पिसांची नक्षी उडून नुसता डाग उरतो, म्हणून उजेड कमी करून घ्या, असं. श्रीरामपुरात चर्चमधली लग्नं बरीच होतात आणि नवरीच्या पांढऱ्या गाऊनची नक्षी आमच्या फोटोत कधी धड येत नसे. मी अविनाशला ते पान वाचून दाखवलं. तो कपडे बदलत होता. संध्याकाळी लग्न आटपून आला आणि म्हणाला, "बगळा उपयोगी पडला." त्या दिवशी आम्ही दोघं खूप हसलो. त्याने ते पुस्तक हातात घेतलं, चाळलं, आणि परत माझ्याच टेबलावर ठेवलं.

मोठं पुस्तक आहे ते डोंगरदऱ्यांचं. त्यातला देश आपला नाही, सगळीकडे बर्फ आणि पाईन. तिकडे संध्याकाळचा सोनेरी उजेड म्हणे तास-दोन तास टिकतो. आपल्याकडे सूर्य रतनगडामागे हातातून निसटल्यासारखा जातो. तेव्हा त्यातली वेळ वाचताना निम्मी करा. पण एक गोष्ट त्यात पुन्हा पुन्हा सांगितली आहे. तुमची एक जागा धरा, ती सगळ्या ऋतूंत बघा, तिच्याकडे परत परत जा. ते वाक्य वाचलं की मी पुस्तक मिटायचे.

कारण माझी जागा कुठली ते मला माहीत होतं. आमच्या घरामागचा उतार. पाऊस ओसरायला लागला की तो सोनकीच्या फुलांनी पिवळा होतो, खाली भाताची खाचरं, वर धुकं. ते दिवस भाद्रपदातले. तुळशीच्या लग्नापासून पाऊस सुरू होईपर्यंत लग्नं असतात, तेव्हा अविनाशला उसंत नसते. पावसात तो मोकळा होतो आणि साचलेले अल्बम माझ्यापुढे येतात, ते दिवाळीच्या आत द्यायचे असतात. गावी मी जाते ती भाऊबीजेला, दोन दिवस. तोवर उतार वाळून गवताचा झालेला असतो. लग्न झाल्यापासून मी सोनकी बघितली नव्हती. जाऊ नको असं कुणी कधी म्हटलं नाही. तसं कुणी म्हटलं असतं तर मी भांडले तरी असते.

मागच्या वर्षी मी ठरवलंच. संदीपलाही हवं होतं, म्हणाला, "ताई, चार दिवस ये, मला शिकव." अविनाश म्हणाला, "ये जाऊन. दुसरा कॅमेरा ने." दादांना जेवण भरवताना विचारलं, तर ते अडखळत म्हणाले, "जा की. घरी जाऊन ये." शेजारच्या काकूंनी मुलीची जबाबदारी घेतली. मी बॅटऱ्या चार्ज करून ठेवल्या, लेन्स पुसली.

निघायच्या आदल्या दिवशी दुकानात एक बाई आल्या. बेलापूरकडच्या, मे महिन्यात त्यांच्या मुलीचं लग्न अविनाशने काढलं होतं. त्यांचा अल्बम रांगेत बराच मागे होता. कपाळ मोकळं बघून मी उठून उभी राहिले. श्रावणात त्यांचे मालक शेतातच कोसळले, दवाखान्यात नेईपर्यंत गेले.

"पोरगी दसऱ्याला येतीय," त्या म्हणाल्या. "तवर अल्बम व्हईल का? आन् त्यांचा येखादा फोटो मोठा करायचा हाय. घरात लावल्याला फोटो आधार कार्डावरचा हाय. त्यो त्यांच्यासारखा दिसतच न्हाई."

अविनाशने माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "तू जा. मी बघतो करून." त्याला अल्बम जमत नाही, हे आम्हा तिघांनाही दिसत होतं. मी बाईंना म्हटलं, "बसा. चहा घेता?" संध्याकाळी संदीपला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "बरं. फुलं अजून थोडे दिस राहत्यात."

लग्नाचे सगळे फोटो मी एकेक उघडले. मुलीच्या वडलांचा असा फोटो नव्हताच. ते सगळीकडे होते आणि कुठेच नव्हते. कुणाच्या खांद्यामागे अर्धा चेहरा, पंगतीत वाढप्याला काही सांगताना पाठ, स्टेजच्या कडेला कापलेला हात. जे एरवी मी पुसून टाकते, त्या मागच्या गर्दीत तो माणूस दिवसभर राबत होता. या वेळी मी रेघ फिरवून नवरा-नवरीला वेगळं केलं नाही. मंडप होता तसा ठेवला, खुर्च्या ठेवल्या, म्हणजे तेही राहिले. रोज थोडं थोडं होत होतं. मला चीड येत होती. कुणाची ते सांगता येत नव्हतं, कारण समोर चिडण्यासारखं कुणीच नव्हतं.

मग एक फोटो सापडला. लग्न त्यांच्या घरापुढच्या अंगणात होतं. वरात यायच्या आधी अविनाशने उजेड बघायला म्हणून सहज एक बटण दाबलं होतं. मंडपाच्या तोंडाशी ते एकटे उभे, फेटा अजून हातातच, मान वर करून झाडाकडे बघतायत. ऊन एका बाजूने आलेलं. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या, पांढरी मिशी, सगळं स्वच्छ. पिवळ्या पाठीच्या पुस्तकात तो लेखक ज्या उजेडाची वाट बघत बसतो, तोच उजेड, कुणी वाट न बघता आलेला.

बाई अल्बम न्यायला आल्या तेव्हा मी तो मोठा करून काचेच्या फ्रेममध्ये घालून ठेवला होता. त्यांनी तो दोन्ही हातांत घेतला. गेलेल्या माणसाचा फोटो लावायचा तर मागचं काढून निळं करायची पद्धत आहे, म्हणून मी विचारलं, "मागचा लिंब काढू का?"

"ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "त्यांनीच लावल्याला हाय." मग पदराने काच पुसली, खरं तर ती स्वच्छच होती, आणि म्हणाल्या, "पोरगी बघंल आता."

त्या अल्बम घेऊन गेल्या त्या दिवशी संदीपचा मेसेज आला, की पाऊस थांबला आणि फुलं गेली. अविनाश म्हणाला, "पुढच्या वर्षी नक्की." तो मनापासून म्हणाला. या वर्षी भाद्रपदात दादा दवाखान्यात होते.

आत्ता मी हे गावी बसून लिहिते आहे, भाऊबीजेला आले आहे. निघताना दादांनी डाव्या हाताने मला थांबवलं आणि म्हणाले, "घरी सगळ्यांना नमस्कार सांग." इथे पोचले तर आईने कपाटातली नवी चादर काढली, तशी आम्ही लहानपणी पाहुण्यांसाठी काढायचो. बेलापूरच्या बाईंच्या मालकांसारखे गेल्या वर्षी माझे वडील गेले असते तर, असं मनात आलं आणि मी त्यांना बाहेर जाऊन बघितलं. ते खळ्यावर बसून भात वारवत होते. मी त्यांचे भरपूर फोटो काढले, मागच्या डोंगरासकट. ते म्हणाले, "पुरं की. किती काढतीस?"

संदीपने त्याचे फोटो दाखवले. सोनकीचे, या भाद्रपदातले. चारदोन ठिकाणी क्षितिज कललेलं होतं, ते मी त्याला सांगितलं. बाकीचे चांगले होते, एक तर फार चांगला. उतारावरून खाली घर दिसतंय, पत्र्यावर ऊन, आई अंगणात. मी तो मोठा करून बघत राहिले. ज्या दगडावर बसून त्याने तो काढला तो मला ओळखता येईना. विचारलं तर म्हणाला, "ताई, तिकडून नवी वाट काढलीय, तंबूकडं जायला. तुला म्हाईत न्हाई."

आज पहाटे कॅमेरा घेऊन त्या वाटेने वर गेले. गवत कोरडं, पाण्यावर धुकं, खालून कापणीचा आवाज. मला इथला हा एकच उजेड माहीत आहे, दिवाळीचा, बाकीचे सगळे मी पुस्तकातून शिकले. तरी फोटो काढत राहिले. कुठल्याच फोटोत कुणाला कापून वेगळं करायचं नव्हतं, एवढ्यानेही बरं वाटत होतं. मध्येच अविनाशचा फोन आला, पहिल्या लग्नाची ऑर्डर तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्याच दिवसाची आहे, आणि तू कधी येतेस असं दादा विचारतायत म्हणून.

खाली आले तर आई चुलीपुढे होती. माझ्यासाठी नागलीची भाकरी टाकत होती. वर न बघता तिने विचारलं, "घरी कवा जातीस?"

मी कॅमेरा पिशवीत ठेवला आणि म्हटलं, "उद्या."