दाराचं कडं, मातीचं कडं

"डोये हायेत का कवड्या?"

गिऱ्हाईक समोर उभं राहिलं की मान वर न करता, दातांनी दोरा तोडत ती हे विचारायची. गिऱ्हाईक वकील असो, मास्तर असो, देवळातले गुरुजी असोत. अमरावतीच्या इतवारा बाजारात भिंतीला टेकून बसणाऱ्या त्या म्हाताऱ्या माळणीनं कोणाला हसून 'या' म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. माल नाही, मेहरबानी विकतात.

भातकुलीच्या वाटेवर तिचा मळा होता. वर्षभर हार आणि देवाची फुलं. थंडी पडली की कँपातल्या गोऱ्या साहेबांच्या दारांसाठी गोल कडी. साहेब त्यांना 'रीथ' म्हणत, ती 'बड्या दिवसाचं कडं' म्हणे. बांबूच्या कामट्या वाकवून गोल करायचा, त्यावर सुरूच्या डहाळ्या आवळून बांधायच्या, मधूनमधून लाल फुलं खोवायची. नाताळ कशाचा असतो हे तिला धड ठाऊक नव्हतं, पण कडं बांधण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. आणि हे मात्र तिला पुरतं ठाऊक होतं.

मी साहेबांच्या कचेरीत कारकून. मूळचा अकोल्याचा, पण मॅट्रिक झाल्याबरोबर 'मले-तुले' सोडून पुस्तकी बोलायला लागलेला. त्याचीही तिला चीड. "कोन्या देशाचं बोलून राह्यला रे बाबू? माय समजते का तुही?" असं चारचौघांत म्हणायची.

एकदा एक बडे वकील आले. साहेबांची मर्जी राखण्यासाठी त्यांनाही दारावर कडं हवं होतं. "मोठं दे. साहेबांना रस्त्यावरून दिसलं पाहिजे."

"दाराले बांधता का बैलाच्या गयात?" तिनं विचारलं.

वकिलांनी मुकाट्यानं मोठं कडं नेलं आणि संक्रांतीपर्यंत ते वाळलेलं कडं दारावर मिरवलं. त्या गल्लीतून जाताना ती नाकाला पदर लावी.

कडं निवडायचं कसं, हे मला तिच्याच शिव्यांतून कळलं. "फूल काय पाह्यतं? मांगून पाह्य." मागच्या गाठी जवळजवळ हव्यात. उलटं धरून हलवायचं, पानं गळली तर माल शिळा. बुटक्या दाराला लहान घ्यायचं. आणि सगळ्यांत आधी, "घरात कोन हाये, कसं हाये, ते सांग. मंग कडं माग." हे शेवटचं मला थोतांड वाटे. फुलं विकणारीला घरच्या चौकशा कशाला?

एका वर्षी आमच्याकडे नवे साहेब होते. उन्हाळ्यात त्यांचं दीड वर्षाचं बाळ तापानं गेलं. पेटी करायला सुताराकडे निरोप घेऊन मीच गेलो होतो. तरी नाताळच्या आदल्या सकाळी मी माळणीपुढे जाऊन उभा राहिलो तो मोठ्या रुबाबात.

"साहेबांच्या बंगल्याचं कडं."

तिनं पहिल्यांदाच वर पाहिलं. मग पाटीतून एक लहानसं कडं काढलं. नुसतं हिरवं, एकही फूल नाही.

"हे? साहेबांच्या दाराला?"

"यंदा त्या दाराले हेच."

तिच्यामागे ओल्या फडक्यावर पांढऱ्या शेवंतीचं एक भरगच्च कडं ठेवलं होतं. मी ते उचललं.

"ठेव ते! ते मातीचं हाये. बडनेऱ्याचा रेल्वेचा गोरा गारड मेला, त्याच्या मातीवर ठेवाचं हाये. दाराचं वेगयं, मातीचं वेगयं. समजते का?"

"मला शिकवू नकोस," मी म्हणालो, साहेबांचं नाव घेतलं आणि ते पांढरं कडं घेऊन टांग्यात बसलो. मागून तिचा आवाज येत होता. शब्द इथे लिहिण्यासारखे नाहीत.

बंगल्यावर मी स्वतःच्या हातानं खिळ्याला ते कडं टांगलं आणि दोन पावलं मागे सरून कौतुकानं पाहत राहिलो. दार उघडलं. मडम बाहेर आल्या. त्यांनी त्या पांढऱ्या फुलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"यह किसके वास्ते?" त्यांनी हळूच विचारलं.

त्या क्षणी मला समजलं. बाळ गेलेल्या घराच्या दाराला मी मातीचं कडं टांगलं होतं. मडम पायरीवर बसल्या आणि हातांत तोंड लपवून रडू लागल्या. साहेब आतून आले, कडं पाहिलं, मला पाहिलं. इतकी स्वच्छ तुच्छता मी पुन्हा कोणाच्या डोळ्यांत पाहिली नाही.

मी तसाच उभा असताना फाटकातून माळीण आली. इतवाऱ्यापासून कँपापर्यंत चालत, धुळीनं माखलेली, हातात ते हिरवं कडं. तिनं शिपायाला बाजूला सारलं, साहेबांनाही "सरक" म्हणाली आणि साहेब सरकले. पांढरं कडं उतरवलं, हिरवं टांगलं. मग खुशाल मडमेच्या शेजारी पायरीवर बसली.

"बाई, हा येडा हाये. याच्यावर नको जाऊ." मडमेला शब्द कळले नसावेत. माळणीनं तीन बोटं दाखवली, मग तळहात जमिनीवर टेकवला. "माहे तीन गेले."

हे मात्र मडमेला कळलं. त्यांनी माळणीचा तो मातकट हात धरला. त्या हिरव्या कड्यानं ते दार, खरं सांगतो, शोभत होतं.

परतताना पांढरं कडं तिनं माझ्या डोक्यावर ठेवलं आणि भर रस्त्यातून मला आपल्यामागे चालवलं. ओळखीचे लोक पाहत होते. "डोक्यात काई नाई, तं डोक्यावर तरी राहू दे," ती म्हणाली. मी बडनेऱ्याला जाऊन ते गार्डच्या घरी पोचतं केलं.

पुढे माझी अकोल्याला बदली झाली. काही वर्षांनी कामासाठी अमरावतीला आलो तेव्हा भिंतीजवळची जागा रिकामी होती. शेजारच्या संत्रेवाल्याला विचारलं.

"म्हातारी गेली श्रावनात."

"कोणी होतं का जवळ?"

"कोन राहीन? साऱ्या बजाराशी भांडेल होती." तो संत्री रचत राहिला. "डाक्टर आला, तं त्याले म्हने, 'आधी हात धू.' तो हात धुवाले गेला, आन हे इकडं गेली."

त्या गच्च भरलेल्या बाजारात, जिथे वीतभर जागेसाठी माणसं डोकी फोडतात, तिथे तिच्या अंगाएवढा भिंतीचा तुकडा मोकळा होता. एक नवी भाजीवाली टोपली घेऊन तिकडे वळली.

"तिथं नाई, बाई," संत्रेवाला तिला म्हणाला आणि आपली संत्री सरकवून तिला स्वतःच्या ओट्यावर जागा करून दिली.