सभ्य बायका

परवा मिरजोळ्याच्या वाटेवर चिरेखाणीची लाल धूळ नाकात गेली आणि आमच्या गावची ती ग्रामसभा आठवली. विहिरीशेजारी खाण नको, हे सांगायला आई उभी राहिली होती. सरपंच म्हणाले, “वहिनी, सभ्य बायका सभेत बोलत नाहीत.” माणसं हसली. लाजेने मी तिचा पदर ओढला.

शाळेत संस्कृत शिकवणाऱ्या आईने तो सोडवून घेतला. “भावोजी, सभ्य हा शब्दच सभेवरून आलाय. सभेत बसायला लायक, तो सभ्य. मी बोलणार.” आणि ती बोलली.

खाण झालीच, विहीरही आटली. तेव्हा मला आई उद्धट वाटली होती. आज वाटतं, मी तिच्या शेजारी उभं राहायला हवं होतं. पुढच्या सभेला मात्र पंधरा बायका गेल्या, आणि सगळ्या बोलल्या.