आईचं गाणं मी थांबवलं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पत्नीला नाही, चर्चच्या पाळकांना नाही. प्रार्थनेतसुद्धा मी त्या जागी पोचलो की घाईने पुढे सरकतो. तुम्हाला सांगतोय, कारण माझी स्तुती आता मला ऐकवत नाही.

आमच्यात दफनाआधी चर्चमध्ये मृताचं जीवनचरित्र वाचतात. आईचं मी वाचलं. माहेर गडहिंग्लजकडचं, लग्न दवाखान्यातल्या कंपाउंडरशी, तीन मुलं, पाच नातवंडं, रविवारी चर्चच्या शब्बाथशाळेत मुलांना शिकवणं, बाबांना अर्धांगवायू झाल्यावर नऊ वर्षं त्यांची सेवा. मी शिरोलीच्या एका फाउंड्रीत कॉस्टिंगचे हिशेब बघतो; आकडा दोनदा तपासल्याशिवाय सही करत नाही. वाचलं ते सगळं खरं होतं.

मग पाळक उठले. म्हणाले, डॉक्टरांनी गाणं बंद करायला सांगितलं, तर या मुलाने आईचा गळा किती जपला! आईबापाचा मान राख, ही पाचवी आज्ञा पाळावी तर अशी. बायका डोळे पुसत होत्या. मी खाली मान घालून उभा होतो — आणि लोकांना तो नम्रपणा वाटला. नम्रपणा! पाचवी आज्ञा तेवढी आठवली सगळ्यांना. खोटी साक्ष देऊ नको, ही नववी कुणालाच कशी आठवली नाही?

तिचं गाणं कसं होतं ते सांगतो. गोड नव्हतं. आवाज मोठा, जरासा फाटका, पट्टी वरची. रविवारी पेटीवाल्याला तिच्या मागून पळावं लागायचं. पण भाकरी थापताना ती गायची, कपडे वाळत घालताना गायची. बाबांची कूस बदलताना गायची. त्यांची वाचा गेली होती, तरी तिने गीत सुरू केलं की डाव्या हाताची बोटं पांघरुणावर ताल धरायची. नऊ वर्षं त्या घरात दुसरं औषध असं नव्हतंच.

बाबा गेल्यावर आम्ही चर्चजवळचं घर सोडलं आणि तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. आमचं आडनाव असं, की ते ऐकल्यावर कुणी पुढे काही विचारत नाही. आम्ही ख्रिस्ती आहोत हे मीही सांगितलं नाही. माझ्या मुलीला, रूथला, बिल्डिंगमधली पोरं ऋतू म्हणायला लागली — मी दुरुस्त केलं नाही. खोटं बोललो का? नाही. दुसऱ्याची चूक सोयीची होती म्हणून तशीच राहू दिली. कारखान्यात कुणी असं केलं तर मी त्याला उभं करून झापतो.

आणि आई पहाटे साडेपाचला उठून येशूचं नाव घेत गायला लागली. खिडक्या उघड्या. बिल्डिंगच्या डक्टमधून तो आवाज खालपर्यंत जातोय असं मला वाटायचं. मी अंथरुणात घामाघूम. कुणी तक्रार केली होती? एकानेही नाही. कुणी वाकडं बघितलं होतं? नाही. मी नुसतं धरून चाललो होतो की बघतील.

त्याच सुमारास तिला खोकला झाला. डॉक्टरांकडे मीच नेलं. ती बाहेर बाकावर बसली, मी रिपोर्ट घेऊन आत गेलो. डॉक्टर म्हणाले, धुळीचं आहे, गुळण्या करू द्या, बाकी पथ्य काही नाही.

मी बाहेर आलो आणि म्हणालो, "आई, डॉक्टरांनी गाणं बंद सांगितलंय. कायमचं. नाहीतर आवाज जाईल."

ती म्हणाली, "बरं."

एवढंच. भांडली असती तर? पण ती नवऱ्याच्या, मुलांच्या आणि डॉक्टरांच्या शब्दाबाहेर कधी गेली नव्हती, आणि ते मला चांगलं ठाऊक होतं. चर्चमध्ये सगळे उभे राहून गात, तेव्हा ती पुस्तक उघडं धरून ओठ मिटून उभी राहायची. सहा वर्षं. शेजारी मी उभा असायचो. आणि मी गायचो!

दफनानंतर खालच्या मजल्यावरचे माने भेटायला आले. दारातच म्हणाले, "आवो, म्हातारी गात हुती म्हनं? आनि आमाला पत्त्या न्हाई! आमच्या आईला भजनाचं याड हाय. दोघींचं झ्याक जमलं असतं की!" मला त्यांचा संताप आला. हा माणूस एकदा तरी वाईट वागला असता, तर त्याच्या नावावर काहीतरी टाकता आलं असतं. त्याने तेवढीही जागा ठेवली नाही.

तरी हे सगळं मी भीतीच्या खाती टाकू शकलो असतो. पण एक दुपार आहे.

शेवटच्या आठवड्यात ती दवाखान्यात होती. आजूबाजूला खाटा भरलेल्या, नातेवाइकांची वर्दळ. तिने माझी बाही ओढली. "सुधीर, आता गाऊ का रे? आता काय राखायचंय गळ्याचं?"

सलाईन बदलणारी नर्स हसली. "म्हनू द्या की ओ आजीस्नी! हितं कुनाला तरास हाय?"

सगळे बघत होते. हो म्हणायला काय लागत होतं? पण हो म्हटलं, तर इतकी वर्षं नाही का म्हणालो, हे तिने विचारलं असतं. निदान मला तसं वाटलं. मी म्हणालो, "नको आई. डॉक्टर नको म्हणालेत."

नर्सने माझ्याकडे एकदा बघितलं आणि ती पुढच्या खाटेकडे गेली. आईने बाही सोडली.

तिला कळलं होतं का? मला माहीत नाही. तिने माझ्यावर विश्वास ठेवला, एवढं माहीत आहे.

रूथ आता चर्चच्या गायनवृंदात आहे. आजीसोबत एका घरात वाढलेली मुलगी, पण आजीचं गाणं तिला आठवत नाही. गेल्या रविवारी गाडीत तिने विचारलं, "पप्पा, आजीने गाणं का सोडलं होतं?"

मी म्हणालो, "डॉक्टरांनी सांगितलं होतं."