पहिला घास नातीचा

गारखेड्यात माझ्या लेकीच्या शाळेत दुपारची खिचडी वाढण्याआधी एका पालकानं ती चाखायची, अशी रीत आहे. त्या दिवशी माझी पाळी होती. आदल्याच आठवड्यात कुठल्याशा गावात खिचडीत पाल निघाल्याचं ऐकलं होतं, त्यामुळं चमच्यातली खिचडी मी आधी निरखून बघितली.

खिचडी करणारी बाई उंच, काटकुळी. नाव विचारायचं मला सुचलंच नाही. ती पातेल्यात वाकून बघायची, पळी तळापासून फिरवायची, झाकण उलटं करून बघायची आणि पुन्हा वाकायची.

मी घास कसाबसा गिळला. “छान झालीय,” म्हणाले.

“थांबा जरा, ताई.”

तिनं हाक मारली तशी पहिलीतली एक मुलगी धावत आली आणि तिच्या मांडीवर बसून खाऊ लागली. बाई तिच्या तोंडावरची नजर हलवेना.

“लई भूक लागली का हिला?” मी विचारलं.

“भुकेचं नाय, ताई. तुमच्या-माझ्या पोटाला दगडबी पचतोय. लेकराच्या पोटाला आधी कळतं. ही माझी नात हाय. दुसऱ्याचं लेकरू चाखायला कसं बसवू?”

मुलीला उचकी लागली. बाईनं माझं मनगट गच्च धरलं. पोरगी पाणी प्यायली, हसली, तेव्हा कुठं ते सुटलं. मग रांगेतल्या पोरांना ताटं वाढली गेली. त्यात माझी लेकही होती.

आता रोज शाळेच्या फाटकात मी आधी त्या नातीला शोधते. ती दिसली, की लेकीसाठी आणलेला डबा तसाच घरी परत नेते.