ल्यूटवरचं कुंकू

ल्यूट शिकवणारा तो इंग्रज मला पहिल्या दिवसापासून आवडला नाही. चारशे वर्षांपूर्वीचं युरोपातलं संगीत तेव्हाच्याच वाद्यांवर वाजवायचं, म्हणून त्याने दुबईत आम्हा चार-पाच जणांना जमवलं होतं. ल्यूट म्हणजे अरबी ऊद या तंतुवाद्याचा भाऊबंदच, पण तसं म्हटलेलं त्याला खपत नसे. सतारीच्या सवयीने मी एखादा सूर जरा ओढला की म्हणायचा, “यू पीपल डेकोरेट एव्हरीथिंग.” तळपायाची आग मस्तकात जायची. तरी जात राहिले, कारण त्या वाद्याचं मला वेड लागलं होतं आणि ते दुसरीकडे कुठे मिळणार नव्हतं.

आमच्या गटाच्या कार्यक्रमाआधी सरावासाठी त्याने स्वतःची ल्यूट मला घरी नेऊ दिली, दहा सूचना ऐकवून. अल मजाज भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये मी ती कपाटावर ठेवली. त्याच आठवड्यात दसरा आला. त्या दिवशी मी कॉलेजात गेलेली असताना आईने दरवर्षीसारखा पाट मांडला. पुस्तकं, बाबांचा कॅल्क्युलेटर, माझी सतार आणि या वेळी ल्यूटही. ल्यूटच्या पुढच्या फळीला पॉलिश नसतं. आईने तिथे ओल्या कुंकवाने स्वस्तिक काढलं आणि ते कोऱ्या लाकडात मुरलं. मी आल्यावर पुसायला गेले, तर आणखी पसरलं.

“आई, इट्स नॉट इव्हन अवर्स!”

“अगं, वाद्य आहे ना? मग पूजा नको?”

दोन दिवसांनी तो तारा बदलायला घरी आला. डाग पाहून त्याचा आवाज थंड झाला. “हू डिड धिस?” आता हा मला कार्यक्रमातून काढणार, हे दिसत होतं. आई चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी होती.

“माय मदर,” मी म्हणाले. “शी इज नॉट एज्युकेटेड, सर. शी डझन्ट नो.”

लग्नाआधी आईने पुण्याच्या शाळेत सहा वर्षं इंग्रजी शिकवलं होतं. तिने ट्रे टेबलावर ठेवला, “साखर वेगळी आहे,” असं त्याला मराठीत सांगितलं आणि आत गेली.

त्याने मला ठेवून घेतलं, वर माझी कीवही केली. त्याची चीड मला अजून येते, माझी स्वतःची त्याहून जास्त. कार्यक्रमात मी त्या लालसर डागावर हात ठेवून वाजवलं. टाळ्या पडल्या. आई आली नव्हती.

पुढच्या दसऱ्याला पाटावर पुस्तकं होती, कॅल्क्युलेटर होता. सतार कोपऱ्यातच होती.

“हिची पूजा नाही करायची?” मी विचारलं.

“मला त्यातलं काय कळतं,” आई म्हणाली.