गारुफालियाकडच्या किल्ल्या

गाव सोडताना जो तो गारुफालियाच्या हातात घराची किल्ली ठेवून गेला. कुणी अथेन्सला, कुणी जर्मनीला. तिच्या स्वयंपाकघरात भिंतभर खिळ्यांना किल्ल्या लटकलेल्या, आणि त्या सगळ्या घरांचं ओझं एका बाईच्या गुडघ्यांवर. ऑगस्टात मारियामातेच्या सणाला मंडळी यायची. त्याआधी घरोघरच्या खिडक्या उघडा, गाद्यांना ऊन दाखवा, कोपऱ्यातले विंचू झाडा. मंडळी आली की म्हणायची, काय हवा आहे हो इथली. झऱ्याचं पाणी प्यायची, चेस्टनटच्या रानात भटकायची, चिनाराखाली बोकड भाजायची आणि आठवड्यात पसार. हवा खायला यांचं काय जातंय? तीच हवा हिवाळाभर तिच्या हाडांत शिरायची. पलीकडचा म्हातारा मेंढपाळ गेल्या थंडीत वारला, तेव्हापासून गावात चूल पेटायची ती तिची एकटीचीच.

यंदा तिनं ठरवलं होतं, थंडीआधी पात्रा शहरात लेकीकडे जायचं. आणखी एक हिवाळा एकटीनं काढणं तिच्याच्यानं होणार नव्हतं. सणाच्या पंगतीत तिनं एप्रनमध्ये भरून आणलेल्या किल्ल्या टेबलावर ओतल्या.

"घ्या आपापल्या. मी दमले."

सगळे हसले. अथेन्सचा थ्रासोस म्हणाला, "मावशी, यंदा वाइन जरा जास्त झाली वाटतं."

"वाइन तू ढोसलीस, मेल्या. मी सकाळपासून तुझं न्हाणीघर घासतेय."

पुन्हा हशा. कुणीतरी तिच्या गालाचा मुका घेतला, फोटो काढला, आणि विषय तिथंच मिटला.

सण सरला, मोटारी उताराला लागल्या. सकाळी तिनं दार उघडलं तर उंबऱ्यावर सगळ्या किल्ल्या, वर बिस्किटांचा डबा. तिला रडूच आलं. बिस्किटांनी गुडघे बरे होतात होय?

पानं पिवळी पडल्यावर लेक, दियामांतो, गाडी घेऊन आली. बोचकी गाडीत गेली. दियामांतोनं दाराला कुलूप लावलं आणि किल्ली हातात घेऊन तशीच उभी राहिली.

"आई, आपली किल्ली कुणाकडे द्यायची गं?"

गारुफालियानं गल्लीभर नजर फिरवली. सगळ्यांच्या किल्ल्या तिच्याकडे, आणि तिची घ्यायला माणूस नाही. ती मटकन पायरीवर बसली ती बसलीच. दियामांतोला वाटलं, संपलं, म्हातारी काही आता येत नाही.

मग ती उठली. बोचक्यातून किल्ल्या काढून एप्रनमध्ये घेतल्या, आणि कण्हत, एकेकाला शिव्या घालत घरोघर फिरली. ज्याची किल्ली त्याच्या कुलपात, बाहेरून. शेवटी आपलीही.

"अगं, चोर आला म्हणजे?"

"येऊ दे. एवढा चढ चढून येईल बिचारा," गाडीत एकेक पाय ओढून घेत ती म्हणाली, "निदान खिडक्या तरी उघडील."